पंडिता रमाबाई : केडगावच्या माळापर्यंतची वाट



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने सांगितले होते की शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत. कोणीतरी अशा एखाद्या व्यक्तीविषयीही लिहावे, जिच्याकडून आपल्या या वयाला काही घेता येईल. आपण बहुतेक जण निवृत्त झालो आहोत किंवा त्या दारात उभे आहोत. मुले आपापल्या मार्गाला लागली आहेत. भेटलो की पहिला अर्धा तास गुडघे आणि साखर यांवर जातो. मग कोणीतरी हळूच विचारतो, एवढी धावपळ केली ती नेमकी कशासाठी? आणि आता पुढे काय? हा प्रश्न मनात असताना मला पंडिता रमाबाईंविषयी लिहावेसे वाटले.

शाळेत आपली आणि त्यांची ओळख 'जोड्या लावा'पुरती. एका बाजूला शारदा सदन, दुसऱ्या बाजूला पंडिता रमाबाई, मध्ये एक रेघ आणि एक गुण. ती रेघ बरोबरच होती. पण त्यांच्या आयुष्याचा कणा त्या रेघेत मावला नव्हता. तो कणा म्हणजे देवाशी, आणि त्यांच्या बाबतीत ख्रिस्ताशी, जडलेले नाते. कोणी ते नाते त्यांच्यावरचा डाग समजून झाकले, तर कोणी त्याचा एवढा गाजावाजा केला की बाई मागेच राहिल्या. मला ते आयुष्य सरळ सांगून पाहायचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी ते पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या घरात एका राणीसाहेबांना संस्कृत शिकवत. स्त्री संस्कृत शिकू शकते हे त्यांनी तिथे पाहिले आणि ते त्यांच्या मनात कायमचे बसले. पुढे त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. गावात ओरड झाली. उडुपीच्या पंडितांच्या सभेपुढे त्यांनी शास्त्राधार मांडून आपली बाजू पटवून दिली, पण रोजचे टोमणे काही थांबले नाहीत. तेव्हा ते बायकोला घेऊन जंगलात राहायला गेले. रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्या आईने, तेही बहुधा पहाटे, घरातली कामे सुरू होण्याआधी.

रमाबाई सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. बाळाला वेताच्या पेटाऱ्यात घालून माणसाच्या डोक्यावरून नेले. त्यानंतर या कुटुंबाला कायमचे घर असे राहिलेच नाही. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला जायचे, देवळात किंवा नदीकाठी पुराण सांगायचे, ऐकणाऱ्यांनी ठेवलेल्या दक्षिणेवर जगायचे. भागवताचे अठरा हजार श्लोक या मुलीला मुखोद्गत होते. शाळा म्हणाल तर हीच.

मग दुष्काळ आला. १८७०च्या दशकात मद्रास इलाख्यात अन्न मिळेनासे झाले. साठवलेले पैसे संपले, भांडी गेली, दागिने गेले. ब्राह्मणाने मजुरी करायची नाही आणि भीक तर मागायचीच नाही, या वळणात वाढलेले हे कुटुंब पाला खाऊन राहिले. आधी वडील गेले. काही आठवड्यांत आई गेली. त्यानंतर थोरली बहीण गेली. आईला स्मशानात न्यायला पुरेसे खांदेकरी मिळेनात. दोघांना दया आली, ते आले. उरलेल्या दोन जागा भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई यांनी घेतल्या. रमाबाईंची उंची कमी, त्यामुळे तिरडीचा त्यांच्याकडचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. तेव्हा त्या जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या असतील.

हा प्रसंग लक्षात ठेवावा अशी विनंती आहे. पुढची सगळी गोष्ट इथेच परत येणार आहे.

भाऊ-बहीण चालत राहिले. दक्षिणेपासून काश्मीरपर्यंत आणि तिथून पूर्वेकडे, सुमारे चार हजार मैल, बहुतेक पायी. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसेना, तेव्हा वाळूत खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. सगळी व्रते केली, सगळ्या देवतांना हात जोडले. शास्त्रात सांगितलेले फळ काही मिळाले नाही. श्रद्धा एकदम तुटली नाही. पायांतले त्राण जावे तशी हळूहळू ओसरत गेली.

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोचले आणि चित्रच पालटले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते, हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली, आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. सभा, सत्कार, वर्तमानपत्रांत नाव. काल पाल्यावर जगणारी मुलगी आज बंगालभर गाजू लागली.

पण याच काळात एक काटा रुतला. स्त्रियांच्या कर्तव्यांवर व्याख्याने द्यायची म्हणून त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचायला घेतले. केशवचंद्र सेनांनी वेद हाती दिले. जिने जन्मभर पुराणे ऐकली आणि सांगितली, तिने आता नियमांचे ग्रंथ उघडले. तिथे त्यांना असे आढळले की एरवी एकमेकांशी न जुळणारे हे ग्रंथ दोन बाबतींत एकमताने बोलतात : स्त्रीजात मुळात वाईट, आणि स्त्रीला व शूद्राला त्या जन्मात मोक्ष नाही. हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांचे वाचन कोणाला एकांगी वाटेल, वाटो. पण ज्या मुलीचे आईवडील देवाच्या वाटेवर चालता चालता उपाशी मेले, तिला त्या वाटेच्या शेवटी आपल्यासाठी दारच नाही असे वाचायला मिळाले, तेव्हा तिचे काय झाले असेल, हे आपण समजू शकतो.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. प्रांत वेगळा, जात वेगळी. दोन्हीकडच्या समाजांनी त्यांना वाळीत टाकल्यासारखेच झाले. संसार आसामातल्या सिल्चरला थाटला. तिथे नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकचे शुभवर्तमान बंगालीत सापडले. त्या ते आवडीने वाचू लागल्या. बायको ख्रिस्ती होईल ही कल्पना मात्र नवऱ्याला रुचली नाही. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. वयाच्या चोविसाव्या वर्षी रमाबाई आईवडील, बहीण, भाऊ आणि नवरा हे सगळे गमावून, कडेवर मूल घेऊन पुण्याला आल्या.

पुण्यात त्यांचे स्वागत झाले. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर अशी मंडळी पाठीशी उभी राहिली. आर्य महिला समाज निघाला. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक त्यांनी लिहिले. हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी शिक्षिका हव्यात, स्त्री डॉक्टर हव्यात असे त्यांनी ठामपणे सांगितले. स्वतःही डॉक्टर व्हावे असे त्यांच्या मनात होते. त्यासाठी १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात उतरल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकीचे शिक्षण काही होऊ शकले नाही. जे झाले ते वेगळेच.

त्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला आपले काम पाहायला पाठवले. समाजाने 'बिघडलेल्या' म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे सांभाळले जात होते. त्या बायका सावरलेल्या होत्या, इतकेच नव्हे तर त्यांच्यातल्या काही आता दुसऱ्यांची शुश्रूषा करत होत्या. रमाबाईंनी असे काही आयुष्यात पाहिले नव्हते. अशा बायकांना शिक्षा करायची, दूर ठेवायचे, एवढेच त्यांना ठाऊक होते. या बाया हे का करतात, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना येशू आणि विहिरीवरची शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखवण्यात आली.

गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात आहे. एक बाई भर दुपारी एकटीच पाणी भरायला येते. तिची जमात यहुद्यांना हलकी वाटणारी, तिच्या संसाराची कहाणी लोकांच्या तोंडी. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो, तिच्याशी धर्माविषयी बोलतो, आणि सांगतो की देवाची खरी उपासना या डोंगराला किंवा त्या नगराला बांधलेली नाही. मला वाटते, ही गोष्ट रमाबाईंना दोन ठिकाणी लागली असणार. एक म्हणजे, पाण्याच्या भांड्यावरून माणसे वेगळी काढणाऱ्या देशातून त्या आल्या होत्या. आणि दुसरे म्हणजे, या डोंगरावरून त्या नगराला जाण्यात त्यांचे अख्खे बालपण गेले होते.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात खळबळ उडाली. निघण्यापूर्वी धर्म बदलणार नाही असे त्यांनी सांगितले होते; ते वचन मोडले, असे लोक म्हणाले. त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच सुमारास विष घेऊन आयुष्य संपवले होते, त्याचाही घाव ताजा होता. इकडे ख्रिस्ती मंडळींनाही वाटले तशा रमाबाई मऊ निघाल्या नाहीत. बिशप सांगतात म्हणून मानायचे, हे त्यांना पटेना. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या वाद घालीत. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवताना, हिंदुस्थानातली स्त्री इंग्रज मुलग्यांना शिकवते हे इथल्या बिशपांना बरे दिसेना, तेव्हा त्यावरही त्यांनी पत्रांतून खरमरीत उत्तरे दिली. शाकाहार सोडला नाही. एका धर्माच्या पंडितांची सक्ती झुगारली ती दुसऱ्या धर्माच्या पाद्र्यांची मानण्यासाठी नव्हे, हा त्यांचा पीळ होता.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये निघाले. बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत करायचे तिने मान्य केले. शाळेत धर्माचे शिक्षण द्यायचे नाही, असे ठरले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी, बाया कर्वे, झाल्या. वर्षभराने, १८९० मध्ये, सदन पुण्याला आले. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या मुलींना तसे पाळण्याची मुभा होती. कोपऱ्यात बसून आयुष्य काढणार होत्या त्या मुली आता भूगोल शिकत होत्या. रमाबाईंच्या नावाचा पुन्हा एकदा बोलबाला झाला.

इथे कोणालाही वाटेल की बाईंना आयुष्याचे प्रयोजन मिळाले, गोष्ट संपली. नाव आहे, काम आहे, पैसा येतो आहे, धर्मही स्वीकारलेला आहे. पण त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार खरी गोष्ट १८९१च्या सुमारास सुरू झाली. त्यांच्या हाती हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र आले. हा गृहस्थ कित्येक वर्षे उपदेश करत होता, आणि मग एक दिवस त्याच्या लक्षात आले की आपण सांगतो ते आपल्याच मनाला अजून शिवलेले नाही. रमाबाईंनी ते वाचले आणि स्वतःकडे पाहिले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही, असे त्यांना जाणवले. आठ वर्षे त्यांनी त्या धर्माची मते तपासली, त्यावर वाद केले, त्यातले पटले ते घेतले. पंडिताने ग्रंथाशी जे करायचे ते सगळे केले. ज्याच्याविषयी ग्रंथ आहे त्याच्यापुढे मात्र त्या कधी रिकाम्या हाताने उभ्या राहिल्या नव्हत्या.

आता त्या उभ्या राहिल्या. त्यांनी वर्णन केले आहे ते साधे आहे : आपल्या दोषांचे ओझे असह्य झाले, ते उचलणे आपल्या हातचे नाही हे कळले, ते देवावर सोपवले आणि मन हलके झाले. आपल्या संतांच्या अभंगांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही वाट अगदीच परकी वाटू नये. ज्ञानाचा ताठा गळून पडल्यावर भेट होते, हे आपण कीर्तनातही ऐकलेले आहे. रमाबाईंना ती भेट ख्रिस्तात झाली.

मन हलके झाले, तरी त्याची किंमत बाहेर मोजावी लागली. रमाबाई सकाळी मनोरमेसह आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. काहींना ख्रिस्ती व्हावेसे वाटू लागले. बातमी बाहेर गेली आणि 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले.

या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे. धर्मशिक्षण नाही, या भरवशावर लोकांनी मुली पाठवल्या होत्या. विधवा मुलीला शिकायला पाठवणे हेच तेव्हा धाडस. त्यात ती धर्म बदलते असे दिसले तर पुढे कोणीच मुलगी पाठवणार नाही आणि स्त्रीशिक्षणाचीच वाट बंद होईल, ही रानड्यांची भीती खोटी नव्हती. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणावर सक्ती करत नाही, पण मुलींना आपापल्या पूजेची मोकळीक आहे तर मलाही माझ्या खोलीत, दार उघडे ठेवून, प्रार्थनेची मोकळीक हवी. त्यांनी दार लावले नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या, लोकांच्या मान्यतेवर संस्था उभी करणाऱ्या रमाबाईंनी कदाचित लावले असते. आता ज्यांच्या आधाराने काम उभे होते ते एकेक करून गेले, आणि बाई डगमगल्या नाहीत. ज्याच्यावर भार टाकला होता तो जाणारा नव्हता, असा त्यांचा विश्वास होता.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात आणि बुंदेलखंडात दुष्काळ पडला. बातम्या आल्या तशी रमाबाईंची झोप उडाली. हाडांचे सापळे झालेली मुले त्यांना वाचून माहीत नव्हती; त्या स्वतः तशा मुलांपैकी होत्या. त्या निघाल्या. सदनाचा नियम उच्चवर्णीय विधवांपुरता होता, हाताशी पैसा नव्हता, जागा नव्हती. दुष्काळी छावण्यांत त्यांनी पाहिले की भुकेल्या मुलींना नेणारे दलाल आधीच पोचले आहेत. मग कोणाची जात कोणती, विधवा की कुमारिका, हे विचारणेच त्यांनी सोडले. उवांनी भरलेली, अंगावर चिंध्या असलेली, खरजेने पोखरलेली मुले त्यांनी गाडीत घालून आणली. पहिल्या फेऱ्यांत सुमारे तीनशे मुली आल्या.

पुण्यात प्लेग सुरू झाला होता. एवढ्या मुलींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव येथे रमाबाईंनी शेतीसाठी सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती, ती आता कामी आली. उघड्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. याच काळात प्लेगच्या इस्पितळात सदनाच्या एका मुलीच्या बाबतीत जे घडले त्यावर रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारी कारभाराचे वाभाडे काढले. साहेबांचा धर्म घेतला म्हणून त्या साहेबाच्या झाल्या, असे म्हणणाऱ्यांनी ते पत्र पाहायला हवे होते.

केडगावच्या या वसाहतीचे नाव 'मुक्ती'. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती केली, गोठा बांधला. मुली हातमाग चालवू लागल्या, घाण्यावर तेल काढू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. टाकून दिलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघाले. फुलहॅमला पाहिलेले ते चित्र केडगावच्या मातीत उतरले. वृद्ध आणि अपंगांसाठी प्रीती सदन आले. आंधळ्या मुलींसाठी बार्तीमय सदन आले. त्यांना बोटांनी वाचायला शिकवण्यासाठी मनोरमा ब्रेल शिकून आली होती. महिन्याच्या खर्चाची खात्री कधीच नसे. मागायचे ते देवाजवळ, आणि आलेल्या पैशाचा हिशेब मात्र काटेकोर, अशी रीत होती. रमाबाई स्वतः पांढरे जाडेभरडे लुगडे नेसून सगळ्यांसारखेच राहत.

शेवटची सुमारे पंधरा-अठरा वर्षे त्यांनी एका कामाला वाहिली. बायबलचे तेव्हाचे मराठी भाषांतर त्यांना जड वाटे. खेड्यातून आलेल्या, नुकत्याच अक्षरे जोडू लागलेल्या बाईला ते समजले पाहिजे, असा त्यांचा हट्ट. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संपूर्ण बायबल एकटीने भाषांतरित केले, आणि ते मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच मुलींनी जुळवले आणि छापले. अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या विदुषीने आपली सारी विद्वत्ता, अवघड शब्द गाळण्यासाठी खर्च केली. पांडित्याचे काय करायचे, याचे त्यांना सापडलेले उत्तर मला सर्वांत जास्त भावते.

१९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये चाळिशीतली मनोरमा गेली. तिच्यावरच संस्था सोपवायचा विचार होता. रमाबाईंनी ते दुःख गिळून भाषांतराची शेवटची मुद्रिते तपासली. ती पुरी झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. पुढे दोन वर्षांनी ते बायबल प्रकाशित झाले. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे. १९८९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यात सगळ्या श्रद्धांचे लोक आहेत, काही अजिबात देव न मानणारेही आहेत. रमाबाईंनी जो देव पाहिला तो प्रत्येकाला तसाच दिसेल असे नाही, आणि तसा आग्रह धरण्याची ही जागाही नाही. मला त्यांच्या आयुष्यात जे दिसते ते एवढेच. स्त्रियांसाठी काही करायचे हे त्यांनी ख्रिस्ती होण्याआधीच ठरवले होते. त्या नात्याने त्यांना नवे काम दिले नाही. लोकांच्या मान्यतेची गरज काढून घेतली. म्हणून त्या सभांमधून उठून, ज्या जागी आपले आईवडील उपाशी मेले होते तशाच जागी परत जाऊ शकल्या. सोळाव्या वर्षी आईच्या तिरडीला खांदेकरी मिळाले नव्हते. अडतिसाव्या वर्षी त्या इतरांच्या मुली उचलून आणत होत्या.

साठीनंतर प्रयोजन नव्याने शोधायला निघालेल्यांना यात एक खूण आहे. आपल्याला कुठे सर्वांत जास्त दुखले होते, तिथे आज कोण उभे आहे, ते पाहावे. तिथवर जायचे बळ प्रत्येकाने आपापल्या देवाजवळ, किंवा आपल्या अंतःकरणाजवळ, मागावे.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. मेळाव्याच्या शिल्लक निधीचे काय करायचे, यावर समारोपाच्या दिवशी चर्चा होणारच आहे. आपल्या वर्गातल्या काही हुशार मुली सातवी-आठवीनंतर शाळेत दिसल्या नाहीत, हे सर्वांना आठवत असेल. त्यांची नावे या स्मरणिकेच्या पत्त्यांच्या यादीतही नाहीत. आज शाळेत शिकणाऱ्या अशा एखाद्या मुलीची फी, वह्या-पुस्तके आणि एसटीचा पास दहावीपर्यंत आपल्या बॅचने उचलावा, अशी माझी सूचना आहे. पहिला हप्ता मी खजिनदारांकडे दिला आहे.